छान लिहिलंय

३ सप्टेंबर

चि. ठकूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

सुखरूप पोचलो. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला विमानात सगळ्यांच्या आधी आत घेतात आणि सगळ्यांच्या नंतर बाहेर काढतात, त्यामुळे मान मिळाला की शिक्षा झाली ते शेवटपर्यंत कळलं नाही. तुझा दादा, म्हणजे आपले साहेब, न्यायला आले होते. पोट सुटलंय त्याचं. बोलून सांगायची सोय नाही म्हणून बोट दाखवलं. तो समजला आणि सूनबाई हसली.

खोली बरी आहे. खिडकीखाली बस थांबते आणि समोर किल्ल्या करून देणाऱ्याचं दुकान आहे, त्याच्या यंत्राची किरकिर दिवसभर चालू असते. मला ती आवडते, आपल्या टायपिंगच्या क्लासची आठवण येते. टेबलावर आपला जुना कॉम्प्युटर मांडलाय आणि मी हातांवर नॅपकिन टाकून टाइप करतोय. सूनबाईला त्याचं नवल वाटलं. साहेबांनी तिला सांगितलं की क्लासातल्या सगळ्या पोरांना मी असाच नॅपकिन टाकून शिकवलं, जो कळांकडे बघेल त्याला पट्टी. हे सांगताना स्वतःची बोटं चोळत होता. त्याला किती पट्ट्या बसल्या आणि तरी टायपिंग आलं नाही, हे मात्र गाळलं.

पक्षाघाताच्या झटक्यानं माझी जीभ नेली, अक्षर वाचण्यापुरती नजर नेली, पायातलं बळ नेलं. पेनही आता बोटांत ठरत नाही. पण कळांवर बोटं ठेवली की ती अजून आपली आपण चालतात, तेवढी त्याच्या तावडीतून सुटली. तिकडे माझं टाइप केलेलं तू वाचून दाखवायचीस, इकडे तो दाखवतो. मी मान हलवली की स्वतःच्या कॉम्प्युटरवर घेऊन मेलने तुला धाडतो. तुला ऐकू येत नाही, मला बोलता येत नाही, तेव्हा आपल्या दोघांमध्ये त्या बिचाऱ्याचा टपालवाला झालाय.

तो म्हणतो, कॉम्प्युटरची सिस्टिम फार जुनी झाली, इथल्या इंटरनेटला जोडायची तर नवी टाकावी लागेल. टाक म्हटलं. मला टाइप करता आलं म्हणजे झालं.

उजवा पाय मधूनच गार पडतो. इथल्या थंडीचा असेल. तू कानातलं मशीन लावल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नकोस. माया आहेच, ती वेगळी टाइप करत नाही.

तुझा,
अण्णा


२८ सप्टेंबर

चि. ठकूस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

अण्णांचं पत्र का नाही म्हणून सारखी विचारते आहेस आणि मी सारखं काहीतरी थातुरमातुर लिहून वेळ मारून नेतोय. आता ते जमणार नाही.

ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवाल्याला घरी बोलावून नवी सिस्टिम टाकून घेतली. त्यानंतर आपला जुना मराठीचा प्रोग्रॅम चालेना, पडद्यावर नुसते चौकोन दिसायचे. तो म्हणाला, हा प्रोग्रॅम आता विसरा, नव्या सिस्टिममध्ये तुमची भाषा आतच असते. ती त्याने चालू करून दिली. मी स्वतः पडद्यावरच्या कीबोर्डवर एकेक अक्षर शोधून तुझं नाव लिहिलं, अगदी स्वच्छ उमटलं. त्यामुळे कॉम्प्युटरमध्ये खोट नाही.

मग अण्णांना बसवलं. त्यांनी नॅपकिन टाकला, खिडकीकडे बघत नेहमीसारखं झरझर टाइप केलं आणि वाच म्हणून मान उडवली. ठकू, अक्षरं सगळी मराठी होती आणि शब्द एकही नव्हता. नुसती खिचडी. मला वाटलं, प्रवासाचा शीण असेल. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले, असं होतं, झटक्याच्या माणसाची भाषा मागाहूनही जाते. चूक दाखवू नका, त्यांना ते सोसणार नाही, गोड बोलत राहा. म्हणून आता मी पडद्याकडे बघतो, जरा वेळ थांबतो आणि सांगतो, वाचलं अण्णा, छान लिहिलंय. ते माझ्याकडे बघतच राहतात. मला तिथे उभं राहवत नाही.

तू खचून जाऊ नकोस. मला तुझाच आधार आहे.

तुझा,
दादा


१ ऑक्टोबर

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. अण्णांनी त्या पत्रात तुझ्या पोटाची टिंगल केली होती, तुला बसलेल्या पट्ट्यांची आठवण काढली होती. तो माणूस महिन्याभरात असा कसा होईल? डॉक्टर म्हणतात म्हणजे असेल, मी कोण सांगणार. पण माझं मन घेत नाही.

काही विचारते, रागावू नकोस. तू विनोद केलास तर ते योग्य जागी हसतात का? वहिनी चहा ठेवून विसरली तर कपाकडे बघतात का? आणि त्यांनी जे काही टाइप केलंय ते सगळं मला पाठव. खिचडी तर खिचडी. माझ्या बापाची आहे, मी खाईन.

वहिनीला नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठकू


९ ऑक्टोबर

चि. ठकूस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

उशीर झाला, माफ कर. ऑफिसात मान वर करायला फुरसत नाही. सोबत अण्णांची पानं जोडली आहेत. बघून रडशील म्हणून पाठवत नव्हतो.

हसतात का म्हणून विचारलंस. आता नाही हसत. दिवसातून कितीदा तरी उजव्या पायाकडे बोट दाखवतात. गार पडतो हे त्यांनी तुला लिहिलंच होतं, म्हणून मी जाड लोकरीचे मोजे आणले, एकावर एक असे दोन चढवले, खोलीत हीटर लावला. तरी बोट तिकडेच. मोजे ओढून काढायला बघतात. मी पुन्हा चढवतो. काल कीबोर्डवर मूठ आपटली. तुझ्या वहिनीने तो उचलून कपाटावर ठेवला, उगाच फोडतील म्हणून. तेव्हापासून बोटही दाखवत नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून असतात.

आम्ही दोघंही दिवसभर बाहेर. अशा माणसांना सांभाळणारी एक जागा बघून आलो आहे. स्वच्छ आहे, खिडक्या मोठ्या आहेत. पुढच्या आठवड्यात नेतोय. तू मला दुष्ट म्हणू नकोस, मी फार थकलो आहे.

तुझा,
दादा


१० ऑक्टोबर

ती. दादास सा. न.

हे वाचत असशील तिथून ऊठ, घरी जा आणि अण्णांच्या पायातले मोजे काढ. शेजारच्या काकूंना तुला फोन करायला बसवलंय, तू उचलत नाहीस. मोजे काढ, पाय बघ, त्यांना दवाखान्यात ने. बाकीचं पत्र नंतर वाच.

अण्णांची भाषा कुठेही गेलेली नाही. तुझा कॉम्प्युटर दुसरंच लिहितोय.

पानं उघडली तेव्हा मलाही काही कळलं नाही. मग दिसलं की प्रत्येक पानाच्या शेवटी, जरा उजवीकडे, "न..कक" असं आहे. सगळ्या पानांवर त्याच जागी तेच. अरे, तिथे अण्णा सही करतात. डोकं फिरलेला माणूस रोज जागच्या जागी सही करेल का?

नव्या सिस्टिममधली मराठी वेगळ्या कीबोर्डची आहे. अण्णा टाइपरायटरच्या कीबोर्डवर शिकले आणि तेच शिकवत आले. कळ तीच असते, पण त्यांच्या हिशेबी तिथे एक अक्षर आणि तुझ्याकडे उमटतं दुसरंच. त्यांना पडद्यावरची अक्षरं दिसत नाहीत आणि हातावर नॅपकिन. त्यांना कळणार कसं? मी नव्या कीबोर्डचा तक्ता काढला, तुझ्याकडे उमटलेलं अक्षर कोणत्या कळेचं ते बघितलं आणि आपल्या क्लासच्या जुन्या टाइपरायटरवर ती कळ दाबत गेले. तुझं "न..कक" माझ्याकडे "अण्णा" उमटलं. मग मी सगळं वाचलं. तूही वाच.

पहिल्या पानावर आहे, पाय आतून गार पडतो, थंडीचा नाही, डॉक्टरला दाखव. पुढच्यावर आहे, छान लिहिलंय म्हणालास, त्यात छान काय आहे? मग आहे, मोजे नकोत, पोटरीत कोणी पिळल्यासारखं होतं, रात्रभर डोळा लागत नाही. आणि मग, पूर्वीसारखं मोठ्याने का वाचत नाहीस, बरोबर टाइप होतंय ना? मग, अंगठा बधिर झाला.

शेवटचं पान मूठ आपटण्याच्या आधीचं असावं. त्यात फक्त एवढंच आहे. साहेब, तुला खूप काम असतं ते मला दिसतं. पण वाचून गप्प बसू नकोस रे.

दादा, पाय बघ.

ठकू


१६ ऑक्टोबर

चि. ठकूस आशीर्वाद.

काकूंचा फोन मी शेवटी उचलला तेव्हा मीटिंगमध्ये होतो. तसाच निघालो. मोजे काढले. मीच चढवलेले, दोन. बोटं काळी पडली होती.

गुडघ्याखालून पाय काढला. रक्त पोचत नव्हतं म्हणे, कधीपासूनच. आधी आणलं असतं तर नळी मोकळी करून पाय वाचवता आला असता, असं सर्जन म्हणाले. त्यांनी विचारलं, यांनी दुखतंय म्हणून कधी सांगितलं नाही का? मी सांगितलं, वडिलांना बोलता येत नाही. त्यांनी मान हलवली आणि तसं लिहूनही घेतलं. मी खोटं बोललो गं. अण्णा रोज सांगत होते.

कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. टाइपरायटरचा कीबोर्ड नव्या सिस्टिमवरही घालता येतो. त्याचा चहा निवायच्या आत झालं. तो म्हणाला, तुम्ही मराठी पाहिजे म्हणालात, कोणत्या कीबोर्डची ते मी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही. मला माहीतच नव्हतं की दोन असतात. अण्णांच्या घरात वाढलो आणि मला माहीत नव्हतं.

दुसरीकडे ठेवायचं रद्द केलंय. सुट्टी घेतली आहे. अण्णांना सगळं सांगितलं, मी वाचत नव्हतो हेही. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. माझ्याबद्दल तुझ्या मनात काय आलं असेल ते मला लिहू नकोस, मला ठाऊक आहे.

दादा


२ नोव्हेंबर

चि. ठकूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

घरी आलो. किल्लीवाल्याची किरकिर चालू आहे. साहेब शेजारी खुर्ची टाकून बसलाय आणि मी टाइप करीन ते एकेक अक्षर मोठ्याने वाचतोय, पहिलीतल्या पोरासारखं. आत्ता हेही वाचलं आणि थांबला. वाच रे पुढे.

त्याला बोल लावू नकोस. त्याने फसवलं ते मायेनं फसवलं. पण तुला म्हणून सांगतो, आणि त्यालाही ऐकू दे. मला पाय गेल्याचं तेवढं वाटत नाही. मी रोज जीव तोडून सांगायचो आणि माझा मुलगा वाचून म्हणायचा, छान लिहिलंय. मला वाटलं, मी ह्याला नकोसा झालो. तेवढे दिवस मी तसं धरून चाललो होतो. आता नाही हे कळलं, पण ते दिवस मनातून जात नाहीत.

आणखी एक झालंय. आयुष्यभर मी पोरांना सांगत आलो की बोटांवर विश्वास ठेवा, बघू नका. आता नॅपकिन टाकवत नाही. डोळ्यांना अक्षरं दिसत नाहीत तरी मी खाली कळांकडे बघत बसतो. साहेब वाचतो ते मी टाइप केलेलंच वाचतो की माझं मन राखायला मनचं काही म्हणतो, असं वाटतं. वाईट आहे हे, पण वाटतं.

नसलेल्या पायाची बोटं अजून गार पडतात. रात्री पोटरी पिळते. तिथे हात नेला तर चादर लागते. डॉक्टर म्हणतात, असं होतं. हे सांगून उपयोग काहीच नाही, पण सांगायचं राहिलं होतं.

तेव्हा माझं एवढं कर. उत्तर पाठवशील तेव्हा बरी आहे, काळजी घ्या, असलं काही लिहू नकोस. मी काय लिहिलं ते मला परत लिही. म्हणजे पोचलं असं मी समजेन.

तुझा,
अण्णा


३ नोव्हेंबर

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

दादा, हे मोठ्याने वाच. मध्ये थांबू नकोस.

अण्णा, तुम्ही लिहिलंत की दादाला बोल लावू नकोस. तुम्ही लिहिलंत की त्याला नकोसे झालो असं तुम्हाला वाटलं आणि ते दिवस मनातून जात नाहीत. तुम्ही लिहिलंत की आता नॅपकिन टाकवत नाही. तुम्ही लिहिलंत की नसलेल्या पायाची बोटं अजून गार पडतात, रात्री पोटरी पिळते आणि हात नेला तर चादर लागते.

पोचलं, अण्णा. उद्या पुन्हा लिहा.

तुमची,
ठकू