बंद पडलेल्या यानाचा शेवट

अब्बा, तुमच्याविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे. तुमच्यामुळं मला आयुष्यात एकही अंतराळयान सुखानं बघता आलेलं नाही. पडद्यावर यान सुटतं, सगळं थिएटर श्वास रोखून बसतं आणि माझ्या मनात येतं, बेअरिंग गेलंय.

उमरग्याच्या हायवेवर तुमचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज, आणि मुलगा लिहितो काय, तर आकाशगंगेतले तस्कर, त्यांच्या मागावरचे शिकारी आणि ढकलल्याशिवाय पुढं न सरकणारे नायक. लोक हसायचे. तुम्ही हसला नाहीत. पहिली कादंबरी प्रकाशकाकडं जायच्या आधी मला स्टुलावर बसवून म्हणालात, "वाच. इथंच वाच." ताटकळलेले ड्रायव्हर चहा पीत ऐकतायत, तुम्ही ट्रकखाली आडवे, बाहेर फक्त पाय. पहिल्याच प्रकरणात माझा नायक तापलेल्या इंजिनाचं झाकण फिरवतो.

"थांब," ट्रकखालून आवाज. "मेला तुझा हीरो."

"अब्बा, ते अणुइंजिन आहे."

"तापतंय ना? मग तोंड भाजतंय."

एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, "मिस्त्री, पोराला लई बोलू नका. एवढे ग्रह पार केले त्यानं, एकबी नाका लागला न्हाय. रूट चांगला हाय."

ते झाकण मी मुकाट्यानं बदललं. भांडण झालं ते शेवटावरून. तस्कराचं यान ओसाड ग्रहाजवळ बंद पडतं, कित्येक वर्षं मागावर असलेला शिकारी तिथं पोचतो आणि त्याला गोळी घालतो. माझा फार जीव होता त्या शेवटावर. तुम्ही बाहेर आलात, हात पुसलेत. "बंद पडलेल्या गाडीवर हात टाकत नसतेत. दुश्मनाची असली तरी आधी उतरून विचारायचं, काय झालं. मग पुढचं."

"हे रस्त्यावर, अब्बा. अंतराळात असलं काही नसतं."

घरात तुम्ही दखनी बोलायचात, रागवायचात मात्र मराठीत. "का? तिथं माणसं न्हाईत का?" एवढं विचारून परत ट्रकखाली गेलात.

मी ऐकलं नाही. गोळी झाडली, पुस्तक गाजलं. तुम्ही पहिली प्रत धुतलेल्या फडक्यात गुंडाळून गॅरेजात ठेवलीत आणि येईल त्याला फडकं सोडून ती दाखवायचात. "माझ्या पोराचं हाय." त्या फडक्याइतका मान मला नंतर कुठल्या व्यासपीठावर मिळाला नाही.

तुमच्या मय्यतीला तो म्हातारा ड्रायव्हर आला होता. पुस्तक त्यानं वाचलेलं नव्हतं, गोष्ट तुमच्याकडून ऐकलेली. माझा हात धरून म्हणाला, "शिकारी उतरतो काय, पाना काढून यान चालू करून देतो काय, आन् म्हणतो, पळ आता, पुढच्या ग्रहावर धरतो तुला. शेवट लई भारी लिवलास."

मी मान खाली घालून ते कौतुक घेतलं.

आता नवी आवृत्ती निघतेय. काल प्रूफ तपासताना शिकाऱ्याच्या हातातलं पिस्तूल काढून घेतलं आणि पाना दिला. संपादकाचा फोन आला, "आधीपेक्षा कितीतरी चांगलं झालंय, सुचलं कसं?" हे पत्र कुठं पाठवायचं नाही, तेव्हा इथं कबूल करायला हरकत नाही: "सहज सुचलं" हे अगदी ओठांवर आलं होतं. मग सांगितलं, शेवट माझा नाही, वडिलांचा आहे.