बुधवारच्या बाटल्या

६ ऑगस्ट ९५, रविवार. मलकपेठ, हैदराबाद.
कमळच्या गावी जाऊन आलो. बस ६.१०ची, सुटली ६.३५ला. बहिणीकडे जायचं म्हणजे अर्धा दिवस डोंगरात. ग्रॅनाइटच्या खाणीचा पांढरा गाळ ओढ्यातून थेट तिच्या विहिरीपर्यंत आलाय. म्हैस तोंड लावून मागे फिरते. माणसं काय करणार, तेच पितात.
तिथे एक नवा पाहुणा. सुहास सबनीस. पुण्याचा, वय तिशीचं, एम.एस्सी. केमिस्ट्री आणि नोकरी सिकंदराबादेत कॉम्प्युटरची. पायथ्याशी प्लॉट घेतलाय, म्हणून पाण्याची काळजी. सरपंच त्याला ‘सर’ म्हणाले. मी दोन वर्षं ‘कमळचे दादा’च.
त्याला माझी नळी दाखवली. तळाशी पांढरी चकती, वर काळी फुली. पाणी ओतत जायचं. फुली दिसेनाशी झाली की उंची मोजायची. उंची कमी म्हणजे गाळ जास्त. आज स्वतः शेंदून मोजलं, १४ सेंमी. “साधी युक्ती आहे,” म्हणाला. साधी.

९ ऑगस्ट, बुध.
विठ्ठलराव (कमळचे यजमान) भाजी घेऊन मार्केटला आले, नेहमीप्रमाणे बाटली देऊन गेले. ५२ सेंमी. बुधवारी पाणी स्वच्छ, रविवारी गढूळ. दोन वर्षांत बाटली आली ते एकेचाळीस बुधवार हेच. म्हणजे खाणवाले सुट्टीच्या दिवशी चोरून जादा करवती चालवतात. हा शोध माझा. गावाच्या अर्जात पान २, परिच्छेद ३.
खाणीला आता वरचा डोंगरही हवाय, जिथे ओढा उगम पावतो. २८ला मंडल ऑफिसर गावात येऊन दोन्ही बाजू ऐकणार. तो डोंगर गेला की विहीर गेली.

२० ऑगस्ट, रवि.
सबनीस पेटी घेऊन आला. आत स्पंजच्या खाचा, खाचेत एकेक शिशी. किंमत विचारली नाही.
माझी वही त्याने उभ्या-उभ्या पूर्ण वाचली. “काका, इतकं काटेकोर काम आमच्या कॉलेजात कुणी केलं नाही.” वरून खाली टाकलेलं कौतुक. घेतलं.
मग कमळला विचारलं, “ताई, बुधवारची बाटली कशी भरता?”
“रांजणातून. रात्री निवळीची बी घासून ठेवते, सकाळी गाळ तळाला. पाणी कसं लख्ख.”
मी म्हणालो, “विहिरीतून भर म्हटलं होतं ना?”
“भावाच्या घरी गढूळ पाणी पाठवू काय मी? वहिनी काय म्हणतील? तपासायचंच आहे तर चांगलं पाणी तपास की.”
विठ्ठलराव हसले. सबनीस हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

२१ ऑगस्ट, सोम.
ड्यूटीवर लक्ष नाही. एक जॉब दोनदा करावा लागला, असं कधी होत नाही. दहावी नापास, पण लेथवर माझी चूक दाखवून द्या, असं मी पोरांना सांगत आलोय.
दोन वर्षांत तो एक प्रश्न मी विचारला नाही. त्याने पाच मिनिटांत. आणि त्याला पोहे नव्या ताटलीत, मला रोजच्या. माझी सख्खी बहीण.

२३ ऑगस्ट, बुध.
दोन बाटल्या आल्या. एकीला चिंधी बांधलेली. विठ्ठलराव: “ही प्यायला, ही वहीला. कमळनं घोकून घेतलंय माझ्याकडून.”
वहीची मोजली: १३.
म्हणजे करवती रोजच चालतात. परिच्छेद ३ साफ चूक. खाणीचा मॅनेजर कामाचं रजिस्टर पुढे करील, ती एक ओळ पाडील, आणि मग खरंही कुणी ऐकणार नाही.
संध्याकाळी शेजाऱ्यांकडे सबनीसचा फोन. “काका, ती ओळ मागे घ्यायला हवी. तुम्ही सांगाल?”
“बघू.”
“वही तुमची आहे. मी तोंड उघडणार नाही.”
असला सभ्यपणा सहन होत नाही. भांडला असता तर…

२७ ऑगस्ट, रवि.
बोलणाऱ्यांची यादी टाइप होऊन आली. तिसरं नाव सबनीस, पुढे एम.एस्सी. माझं नाव नाही. सरपंचांना विचारलं. “आप तो हैइच ना भाई. सर के बाजू में खडे रहके नली पकडो.”
घरी जेवताना बायकोला, शैलाला, सांगितलं. ती म्हणाली, “त्याच्यावर जळून झालं असेल तर कमळच्या विहिरीकडे बघा.” भाकरी अर्धी राहिली.

२८ ऑगस्ट, सोम. सकाळी ५.२०
वहीतल्या एकेचाळीस ओळींपुढे ‘रांजणातलं’ असं लिहून काढलं. एकेक. अक्षर चांगलं आलंय.
चूक माझी, तेव्हा ती सांगायला तरी मला उभं राहावं लागेल. यादीत नाव नसताना मिळणारी तेवढीच जागा. सबनीस बसमध्ये खिडकी धरून ठेवणार आहे, माझ्यासाठी. नळी पंच्यात गुंडाळली. दोन्ही बाटल्या घेतल्या.
लिहिलंय शिसपेन्सिलीने. खोडरबर खिशात आहे.