आईची कवळी आणि माझी होडी

१८ ऑगस्ट, रविवार
आणि वर ताई म्हणते, तुला काही बोलायची सोय नाही, लगेच झोंबतं. झोंबत नाही. मी उत्तर देतो, तिला ते ऐकायची सवय नाही. फोनवर पाच मिनिटं बोलली, त्यातली साडेचार आईच्या कवळीवर. गावच्या डॉक्टरने पूर्ण कवळीचे सांगितलेत ते इथले नऊशे डॉलर होतात, नुसत्या वरच्या ओळीचे साडेचारशे. ऑक्टोबरअखेर धाकट्या बहिणीचं लग्न. आई म्हणते, फोटोत तोंड मिटून बसेन. मी म्हटलं, बसू दे, जरा रुबाबदार दिसेल. नंतर वाईट वाटलं, पण तोवर फोन ठेवला होता.
माझ्याकडे आठशे ऐंशी आहेत. नऊशेला वीस कमी. अर्धवट पैसे पाठवणं माझ्या स्वभावात नाही. पाठवीन तर पुरते, ताठ मानेने. दहा आठवडे आहेत अजून.

२० ऑगस्ट
सुपरवायझरने जेवणाच्या सुट्टीत फोटो दाखवले. तो, बायको, दोन पोरं, लाल होडी, तंबू. दरवर्षी उन्हाळा उतरला, झाडं पिवळी पडायला लागली की जातात. पुलापाशी होडी पाण्यात टाकायची, दोन रात्री काठावर तंबू, तिसऱ्या दिवशी धरणाच्या भिंतीशी उतरायचं. मी म्हटलं, यंदा मीपण जाईन म्हणतो. तो हसला असता तर चाललं असतं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, भाऊ, त्याला प्लॅनिंग लागतं.
चार वर्षं या गोदामात पॅकिंग करतोय. माझ्या हातचा एक खोका फुटून परत आलेला नाही. आणि हा मला प्लॅनिंग शिकवणार.
ठरलं. २१ सप्टेंबर. पूल ते धरण.

२१ ऑगस्ट, पहाटे ५
आजपासून व्यायाम. वल्हवायला खांदे लागतात.

पहाटे ५.१०
खांदे बरे आहेत. पाहिले.

२५ ऑगस्ट
माझ्यासोबत खोलीत राहणाऱ्या पेंटरला सांगितलं. दिवसभर लोकांच्या भिंती रंगवून येतो, त्यामुळे त्याला कशाचंच नवल वाटत नाही. विचारतो, पोहता येतं का. मी म्हटलं, मग होडी कशासाठी असते. त्याने नखांतला रंग खरवडून काढला. मग म्हणाला, मी येतो, घरी कळवायला कुणीतरी पाहिजे.

१ सप्टेंबर
होडी (फुगवायची), तंबू, दोन वल्ही, पंप. एका बाईकडून जुनं घेतलं. तिच्या नवऱ्याचे गुडघे गेलेत. किती दिले ते लिहीत नाही, कारण हा खर्च नाहीच. पैशांनी फक्त रूप बदललंय. आल्यावर विकलं की पुन्हा पैसे. होडी म्हणजे हवेवर चालणारी बँक.

५ सप्टेंबर
खोलीत होडी फुगवून सराव केला. दोन खाटांच्या मधे बरोबर बसते. दार मात्र उघडेना. पेंटर बाहेर, त्याचं जेवण आत. ट्यूबलाइट फुटली ती वल्ह्यामुळे नाही, छत बुटकं आहे म्हणून. शेवटी हवा काढून त्याला आत घेतलं. माझ्याकडे पाठ करून जेवला. चिडका आहे.

१२ सप्टेंबर
आईचा फोन. म्हणाली, कवळीची घाई करू नकोस रे, हिरड्यांनी चावायची सवय झालीय आता. तू वेळेवर जेवत जा. ताई भांडते ते परवडतं, तिला निदान उलटून बोलता येतं. मागून ताई ओरडली, दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, हिला तर कोरायलाही नाहीत.
आईला सांगितलं, लग्नाच्या फोटोत तू हसणार. शब्द म्हणजे शब्द.

२० सप्टेंबर, शुक्रवार
पॅकिंग. सुपरवायझर सामान पिशव्यांत कोंबतो, त्याच्या फोटोत दिसतं. मी गोदामाच्या पद्धतीने केलं. जड खाली, हलकं वर, फटींत कागदाचे बोळे, कोपऱ्यांना पुठ्ठा. धक्का बसू नये म्हणून होडी घडी करून बाहेरून गुंडाळली. त्यावर प्लास्टिकच्या फिल्मचे नऊ वेढे आणि चारी बाजूंनी पट्ट्या. थेंब शिरणार नाही. वर यादी चिकटवली, एकूण एकेचाळीस वस्तू. अनुक्रमांक एक, कटर. महत्त्वाची वस्तू मी नेहमी सगळ्यात आधी भरतो, म्हणजे विसरत नाही.
पेंटरने विचारलं, हे उघडायचं कसं. मी म्हटलं, चांगलं पॅकिंग उघडत नाही, हीच त्याची खूण.

२१ सप्टेंबर, दुपारी १२
पुलावर पोचलो. बसथांब्यापासून सतरा वेळा खाली ठेवावं लागलं. पेंटरने मोजलं. नदी चांगली आहे. रुंद, हिरवी, काठाला पिवळी पानं अडकलेली. फोटोत एवढी चांगली दिसत नव्हती.

दुपारी १
उघडत नाहीये.

दुपारी २
किल्लीने झालं नाही. दगडाने नाही. पेंटरने पट्टी दातांत धरून ओढली, तेव्हा मला आई आठवली. यादी पुन्हा वाचली. कटर आहे. बरोबर भरलाय. सगळ्यात खाली.

दुपारी ३
काठावर एक म्हातारा मासेवाला जाळं सोडवत बसला होता. त्याच्याकडे सुरी मागितली. तो म्हणाला, द्या इकडे, मी हळूच कापून देतो. मी म्हटलं, काका, हे आमचं रोजचं काम आहे. चार वर्षं. एका घावात उघडलं.

दुपारी ३.०५
होडीची घडी होती, म्हणून एका घावाची सहा भोकं पडली. मासेवाल्याने बोट घालून मोजली. सोबत ठिगळ एक. काका म्हणाले, पॅकिंग मात्र झकास आहे. मग विचारलं, तंबू आणि वल्ही विकणार का.
विचार करून सांगतो म्हटलं. त्यांचा नंबर घेतला. गुडघाभर पाण्यात उतरून, हातात वल्हं घेऊन फोटो काढला. संध्याकाळच्या बसने परत. बसमध्ये पेंटर पहिल्यांदाच हसला. थांबेचना.

२३ सप्टेंबर
सुपरवायझरने फोटो निरखून पाहिला. होडी कुठंय? मी म्हटलं, होडीतूनच काढलाय. म्हणाला, तू तर पाण्यात उभा आहेस. मी म्हटलं, तिथे उथळ आहे. पुन्हा खांद्यावर हात ठेवायला आला, मी खोका उचलायला वाकलो.

२९ सप्टेंबर, रविवार
मासेवाले काका तंबू, वल्ही आणि पंप घेऊन गेले. होडी पेंटरने घेतली, रंग देताना फरशीवर अंथरायला. म्हणाला, याहून चांगली चादर मिळणार नाही. घासाघीस केली नाही त्याने, हे लिहून ठेवतो.
पुढच्या वर्षी पुन्हा जाणार. कटर खिशात ठेवायचा, बाकी प्लॅनिंगमध्ये चूक नव्हती.
आईला फोन केला. म्हटलं, आधी वरची ओळ बसवून घे, फोटोत हसताना तीच दिसते, खालची कुणी बघत नाही. आई म्हणाली, तू जेवलास का. जेवलो म्हटलं.
साडेचारशेला वीस कमी पडतायत, ते ताईने घालावेत. एवढं बोलते तर.
पाठवतोय, चारशे तीस.