ढाल पप्पांकडे

५ जून २००५, सिडको
निफाडहून सामान आलं. घर दोन खोल्यांचं, पण हवेशीर. नळाला पाणी जोरात येतं म्हणून लता खूश. मार्चमध्ये आमचा सनी गेला, त्यानंतर तिला हसताना आज पहिल्यांदा पाहिलं. बदली झाली ते बरंच झालं, म्हणाली. सनीचा कॉम्प्युटर चैतालीने खिडकीपाशी लावला. भावाची वस्तू ती दुसऱ्या कुणाला उचलू देत नाही.

त्याचा अर्धवट गेम मला पुरा करायचाय. दहाव्याला रामकुंडावर कावळा पिंडाला शिवेना. चैतालीचं शिक्षण, लग्न, सगळं कबूल करून झालं. शेवटी मी मनात म्हटलं, सनी, तुझा गेम मी पुरा करीन. लगेच शिवला.

९ जून
चैताली शिकवते. चौघांची टोळी घेऊन भुयारातून शेवटच्या दरवाजापर्यंत जायचं. सनीने घरचीच नावं दिली आहेत. ढाल-तलवारवाला पप्पा, कुलपं उघडणारी चोर चैताली, जखमा भरणारी मम्मी आणि मागे जादूगार सनी. सनीची चौकट आता रिकामी आहे. मी तिथे आणखी एक तलवारवाला घेतला तर चैताली म्हणाली, पप्पा, दोन-दोन वॉचमन कशाला? जागा चारच, प्रत्येकाचं काम वेगळं पाहिजे. लता आतून म्हणाली, झुरळाला घाबरणारा माणूस सगळ्यांच्या पुढे! त्यावर चैताली म्हणाली, पप्पा पुढे आहेत म्हणून तर आम्ही टिकतो. ते नसले की पहिला घाव माझ्यावर, मी दोन फटक्यांत खलास.

१४ जून
गेममधल्या धर्मशाळेत आज एक जादूगार उभा होता. नाव सनी. चैताली शपथेवर सांगते, तिने बनवलेला नाही. तलवारवाल्याला काढून त्याला घेतलं. त्याच्या जिवाची लाल पट्टी पूर्ण रिकामी, तरी चालतो. लता पदर तोंडाशी धरून म्हणाली, अहो, त्याला बरं करा ना. पडद्यावरच्या मम्मीने हात ठेवला. सनीची पट्टी थोडी भरली. मम्मीची तेवढीच उतरली. असं कधी होत नाही, चैताली म्हणाली.

१७ जून
लताच्या अंगात त्राण नाही. डॉक्टरांना काही सापडत नाही. सनीची पट्टी रोज गळते, लता रोज भरायला लावते. दुपारी लाइट गेली. पंखा थांबला. कॉम्प्युटर चालूच होता.

१९ जून
सनीला काढायला गेलो. नावावर बाण नेला. बोट दाबेना. एकदा त्याला खांदा दिलाय. परत — नाही जमत.
मागे लता भिंत धरून उभी. राहू द्या हो त्याला, म्हणाली.

२० जून
लता उठत नाही. हात बर्फासारखे. चैतालीला विचारलं, काही उपाय? गेममधल्या देवळात एकाला मागे ठेवलं की त्याचा जीव उरलेल्यांत वाटला जातो, म्हणाली. मग घाबरून — का विचारताय, पप्पा?
काही नाही म्हटलं.
सगळ्यांत मोठी पट्टी पप्पाची आहे.

२१ जून
ठेवलं. पप्पाला देवळात ठेवलं. तिघांच्या पट्ट्या भरल्या. लता उठून बसली, आमटीभात मागितला. किती दिवसांनी —
मलाही वाढ म्हटलं. चैतालीने मान वर केली नाही. तिने तीन ताटं घेतली. तिसरं माझं नव्हतं.

पेन जड झालंय —

कॉम्प्युटरला कुणाचा हात नाही. टोळी चालतेय. मागे सनी, मधे मम्मी. शेवटचा दरवाजा उघडला. आत काहीतरी मोठं —

सगळ्यांत पुढे चैताली.

ढाल माझ्याकडेच राहिली. हाका मारतोय. तिला ऐकू —

तिने ताट खाली ठेवलं. दंड धरलाय. मम्मी, म्हणतेय, मला काहीतरी लाग—