अध्यक्षांचा सुकाळ

४ एप्रिल २०१६
आजपासून गावातल्या पोरांना नेतृत्व शिकवणार. संघटनेचं नाव 'वादळ युवा मंच'. संस्थापक मी, अध्यक्षही मी. सोसायटीचे चेअरमन आप्पाराव यांनी सभागृहाची चावी दिली, पण अट घातली. महिनाअखेर पोरांनी एक दिवस गावचा टँकर नीट वाटून दाखवायचा, नाहीतर चावी परत. मी हसलो. बीडचं कॉलेज ज्याने प्राचार्यांच्या तोंडावर सोडलं, त्याला टँकरची भीती!
(हजेरीचा प्रश्न निघाला होता, तो वेगळा.)
सभागृहाला लागून दूध डेअरी. तिथे शिवशरण अप्पांची मुलगी गंगासागर दुधाची फॅट तपासते. याचा शिबिराशी काही संबंध नाही.

७ एप्रिल
पहिला धडा : नेता घागर उचलत नाही, नेता हात करतो. सगळ्यांकडून हात करून घेतला. सटवाने सगळ्यात झकास केला. दहावीत अडकलाय, पण हात थेट मंत्र्याचा.
मुद्दाम मोठ्याने शिकवलं, भिंतीपलीकडे जावं म्हणून. गंगासागरने मधलं दार लावून घेतलं. तिचं लक्ष उडत असणार.

१२ एप्रिल, सकाळ
आई म्हणाली, "लोकाची पोरं पुढारी करायलास अन् घरात प्यायला पानी न्हाई. जा हापश्यावर." तिला ठणकावून सांगितलं, दुष्काळ पाण्याचा नाही, नेतृत्वाचा आहे. तिने हंडा हातात दिला. गेलो, पण विचारांशी तडजोड केली नाही. हापसा कोरडा.

१९ एप्रिल
दुसरा धडा : कुणाचं ऐकायचं नाही. सटवाने विचारलं, "तुमचं बी न्हाई का, दादा?" पोरगं हुशार आहे. नजर ठेवली पाहिजे.
तिसरा धडा : सत्काराशिवाय काम सुरू करायचं नाही. आधी शाल-नारळ, मग काम. आपल्या सोसायटीत दुसऱ्या पद्धतीने काही झालेलं मी तरी पाहिलं नाही.
गंगासागर आज चक्क बोलली! म्हणाली, "समदे हात करनार, मग टँकरचा पाइप कोन धरनार?" म्हणालो, पाइप धरायला माणसं असतात. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. लई प्रभाव पडला.

३० एप्रिल
टँकर आला. रस्त्यावर घागरी, हंडे, कॅन यांची रांग. उद्घाटक आप्पाराव मांजरसुंब्याला अडकले, म्हणजे धाब्यावर. मी वाटप थांबवलं. शाल तयार, नारळ तयार, ऊन डोक्यावर. ड्रायव्हर धुळाजी खवळला, "नारळ फोड न्हाईतर डोकं फोड बे, मला फुडल्या गावाला जायचंय!" आणि त्याने कॉक सोडला.
पुढचं सगळं शिकवल्याप्रमाणे झालं. पोरांनी एकदम हात केले. प्रत्येकाने आदेश दिला. कुणीही कुणाचं ऐकलं नाही. सटवा टँकरवर चढून "व्यासपीठावरील मान्यवर" म्हणेपर्यंत पाइप रस्त्यावर सापासारखा वळवळत होता. रांगेतल्या बायनाबाई बोंबलल्या, "मुडद्यांनो, भाषनं कसली करताव, पानी चाललंय की!" तेवढ्यात गंगासागर धावत आली. पाइप बगलेत दाबला आणि ओरडली, "हात खाली करा अन् घागरी लावा!"
पोरांनी ऐकलं. दुसरा धडा कच्चा राहिला म्हणायचा.
अर्धा टँकर रस्त्यानेच पिला. याला जबाबदार आप्पाराव. वेळ पाळत नाहीत.

४ मे
चावी परत केली. स्वतःहून, शिपाई न्यायला आल्यावर.
पोरं आता डेअरीच्या ओट्यावर गंगासागरकडे जमतात. हार नाही, माईक नाही, अध्यक्षच नाही! घरटी पाळी लावून टँकर वाटतात म्हणे, आणि एक थेंब सांडत नाही. ही काय संघटना झाली? जाऊन निषेध नोंदवणार. मी कुणापुढे झुकणार नाही. तिच्यापुढे तर नाहीच.

५ मे
निषेध नोंदवला. गंगासागर म्हणाली, "पोरांफुडं मांडा, हितं समदे मिळून ठरवतेत." मांडला. पोरांनी ऐकून घेतला, आपसात कुजबूज केली, मतं घेतली आणि मला ठेवून घेतलं. शिकाऊ म्हणून. सटवाच्या हाताखाली.
सटवा म्हणतो, "दादा, आदी पाइपाचं मागचं टोक धरा. फुडलं तुमाला जमतंय का ते मग बघू. उद्या सहाला या. उशीर केला तर घेनार न्हाई."
मला वेळ सांगणारा अजून जन्माला यायचाय! सहाला अजिबात जाणार नाही.
पावणेसहाला जातो.