नवाबाच्या कोठीत माझा मुक्काम

३ ऑक्टोबर १९५६
हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार, मराठी कारकुनांना मुंबई राज्यात धाडणार, अशी दफ्तरात नुसती बोंब. मला हैदराबाद सोडायचं नाही. पण मी निश्चिंत आहे. कुकटपल्लीकडच्या नवाबाच्या कोठीत राहून सरकारजमा सामानाची यादी करायला हेडक्लार्क नागोरावांनी मलाच निवडलं. बाकी कुणी जायला तयार नव्हतं. योग्यता, दुसरं काय.

५ ऑक्टोबर, सकाळी साडेअकरा
आत्ताच उठलो. पलंगाला शिडी आहे. चढताना दिसली, उतरताना नाही. कंबर धरली. खानसामा मदारसाब म्हणाला, हौ, मोठे नवाबसाबही असेच पडायचे. म्हणजे माझ्या अंगात काहीतरी आहेच.
उद्यापासून पहाटे पाचला उठून यादी.

८ ऑक्टोबर
पेंढा भरलेला वाघ, नग एक. तीन राज्यांत वाटायचा कसा? फायलीवर सुचवलं: तोंड आंध्राला, शेपूट म्हैसूरला, मधला भाग मुंबईला. नागोरावांचा शेरा आला, वाघ राहू द्या, खुर्च्या मोजा. जळतात मेले.
जेवणाचं टेबल साठ माणसांचं. मी नवाबाच्या जागी बसतो. मदारसाब पाहुण्याच्या जागी वाढतो, ते दुसऱ्या टोकाला. कितीदा सांगितलं, पण रिवाज म्हणे रिवाज. उठून तिथवर जाईतो वरण गार.

११ ऑक्टोबर
कोण कुठल्या राज्यात जाणार, त्या नोकरवाटपाचे फॉर्म आले, म्हणून घरी जाऊन आलो. बायको पद्मावती सरकारी शाळेत शिकवते, तिलाही फॉर्म आहे. म्हणाली, तीन पिढ्यांचं घर आहे काचीगुड्यात, तोच पत्ता लिहा, म्हणजे इथंच ठेवतील. तिला सरकारी कामातलं काय कळतंय. काचीगुडा कुणीही लिहील. मी लिहिलं: 'नवाबाची कोठी, दिवाणखान्याशेजारची खोली.' साहेबांच्या डोळ्यांत भरलंच पाहिजे. मॅनेजर म्हणून कायमचा इथंच नेमतील.

१४ ऑक्टोबर, दसरा
काल खुर्च्या एकशे बेचाळीस, आज एकशे एकोणचाळीस. मदारसाबवर डाफरलो. त्यानं दाखवलं, तीन मीच झोपायला जोडल्यात. मुदत वाढवून मागितली.

२५ ऑक्टोबर
वाटपाची यादी लागली. मी मुंबई राज्यात. परभणी. कारण: 'हैदराबादेत घर नाही, सरकारी कोठीत तात्पुरता मुक्काम.' नागोराव म्हणाले, पत्ता तुम्हीच लिहिलात ना. उद्या सविस्तर अर्ज करतो, वंशावळीसकट. साहेबांना चूक कळेलच.

१२ नोव्हेंबर
अर्ज नामंजूर. असो. परभणीची हवा कोरडी, कंबरेला उत्तम. रोज बारा सूर्यनमस्कार घालणार.
पद्मावती येत नाही. तिनं काचीगुडा लिहिलं होतं, तिला इथंच ठेवलं. फार वाईट वाटतंय.
उद्या सकाळी गाडी. स्टेशन घरापासून पाच मिनिटांवर, म्हणून विचारलं, सोडायला येतेस का? म्हणाली, शाळा आहे.