आईचं मत, माझं बोट

सोमवार, मतदानाचा दिवस

इतके महिने काहीच लिहिलं नाही, चुकलंच.

आईला दिसत नाही, म्हणून मुलुंडच्या केंद्रावर तिचं बटण मीच दाबलं. तिच्या मताची शाई माझ्या उजव्या हाताच्या बोटाला, माझ्या मताची डाव्या. तिनं कानात सांगितलेलं नाव नेमकं मला नको असलेलं. उजवं बोट थांबलं. कुणाला कळलं असतं? पण तिचंच दाबलं. म्हणजे आम्हा दोघींच्या मतांची फिटंफाट? एका मतानं काहीच होत नसेल, तर बोट थांबलं कशाला?

रिक्षात आई म्हणाली, “मी सांगितलं तेच दाबलंस ना गं?”

“हो.”

“आणि तू कुणाला दिलंस?”

“मत गुप्त असतं, आई.”

“वा! माझं बरं राहिलं गुप्त!”

तिचा विश्वास बसलाय की नाही, कळत नाही.

उद्या: आईला माझं मत सांगायचं.